लाल-निळी पेन्सिल

"लालले नोको भिऊ, निळ्याले जपजो," असं म्हणून तो पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचा. एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी अशी ती पेन्सिल. आमच्या पोलीस ठाण्यात धमकीचं पत्र आलं की शिव्या आणि फुशारकीखाली लाल रेघ. लिहिणाऱ्याला खरोखर ठाऊक असलेल्या गोष्टींखाली, म्हणजे वेळ, वाट, सवय, निळी. मग रेघा मोजायच्या. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, म्हणून खरं सांगतो, मला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा.

मी बी.ए., ठाण्याचा रायटर. सगळं लिखाण माझ्याकडे. तो सातवी पास हवालदार.

ऐंशी सालाच्या आसपास एका किराणावाल्याला पत्र आलं. 'शेठजी, नमस्कार. मंगळवारी आष्टीच्या बाजारातून तुम्ही सायकलवर एकटेच परतता. नाल्याजवळ भेटू.' मी हसलो. "अहो, नमस्कार लिहिलाय, हा कसला मारतो!"

त्याच्या लाल रेघा शून्य, निळ्या चार. "रायटरसाहेब, हा मारते," तो म्हणाला. मंगळवारी नाल्याजवळ कुऱ्हाडीसकट माणूस धरला.

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. "हा आपला कंप्युटर!" तेव्हा आमच्यात कंप्युटर पाहिला होता कोणी? पण माझ्या पोटात दुखायचं ते दुखलंच. त्यानंतर पत्र आलं की साहेब त्यालाच हाक मारायचे. माझ्याकडे बघायचेही नाहीत.

शेवटी मी डाव्या हाताने त्यालाच निनावी पत्र लिहिलं. तंगडी तोडीन, मुडदा पाडीन, मनात येईल ते. त्याने ते सगळ्यांसमोर वाचलं, पेन्सिल जिभेला लावली, रेघा ओढल्या. मला दरदरून घाम. कळलं असतं तर नोकरीच गेली असती.

"काई होत नाई," म्हणत त्याने घडी करून कागद खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "चाला, रायटरसाहेब, चा घेऊ." मग रोजच, तो रिटायर होईस्तोवर. मला वाटायचं, मिरवतोय लेकाचा! त्याचाच चहा पीत मी त्याच्यावरच जळायचो.

तो वारला तेव्हा भेटायला गेलो. त्याच्या बायकोने एक पाकीट दिलं. "हे तुमालेच द्याचं म्हणत होते."

आत माझं पत्र. पानभर लाल. निळी रेघ एकच, 'साहेब सगळं तुलाच विचारतात' याच्याखाली. ठाण्याबाहेरच्या माणसाला हे कुठून कळणार? बाजूला त्याचं वेडंवाकडं अक्षर होतं: 'हे खरं हाये. रायटरसाहेबाले लागलं. उद्यापासून चा.'