डॉक्टरांनी हातांची फुली केली तेव्हा

"पायाची रक्तवाहिनी बंद आहे. उघडली नाही तर पाय कापावा लागेल," असं महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला त्यांचाच राग आला. मी पाय दाखवायला आलो होतो, द्यायला नाही!

आजाराचं नाव पेरिफेरल आर्टरी डिसीज. म्हणजे पायाकडे रक्त नेणारी नळी आतून चोंदते. पोलादपूरकडच्या आमच्या वाडीची चढण चढताना वर्षभर पोटरी धरायची. मी म्हणायचो, वय झालं. तंबाखूचा बार भरायचा आणि पुढे चालायचं. मग अंगठा काळा पडला. तुमची पोटरी अशी धरत असेल तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका, आधी दाखवा.

मुंबईच्या इस्पितळात अँजिओप्लास्टी ठरली. मांडीतून बारीक तार घालून चोंदलेली जागा फुग्याने उघडतात. भूल फक्त मांडीपुरती, त्यामुळे मी टक्क जागा.

बाजूच्या पडद्यावर माझ्या पायाच्या नळ्या दिसत होत्या. निर्जंतुक हातमोजे घालून बटणांना शिवायचं नाही, म्हणून डॉक्टर हवेतच हात फिरवायचे. कॅमेरा ते ओळखून चित्र पुढेमागे करायचा. हे सिस्टरनी आधीच सांगितलं होतं. मला गंमत वाटली. एमआयडीसीतल्या आमच्या प्लँटवर पंपांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, तिथे आम्हीही हातखुणांनीच बोलतो.

तासाभराने डॉक्टरांनी दोन्ही हात छातीपुढे आणून फुली केली. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच, सगळं बंद करा. गेला पाय!

"साहेब, बंद नका करू! अजून एकदा बघा हो!" मी ओरडलो. रडूच फुटलं.

"काका, हलू नका! काय बंद?"

"तुम्ही फुली केलीत ना..."

ते हसले. "ती पडद्यासाठी होती. आता माझ्या हातांकडे लक्ष देऊ नकोस, एवढंच त्याला सांगितलं. नळी उघडली, काका. रक्त पार खाली गेलंय."

माझा काही विश्वास बसेना.

वॉर्डात आल्यावर बायकोने चादर सारून पाऊल दोन्ही हातांत धरलं. ते किती महिने गार पडलं होतं, ते तिलाच माहीत. "गरम हाय गो बाय," ती सिस्टरना म्हणाली, "गरम हाय!" आणि पाऊल सोडेचना. भेटीची वेळ संपली तरी सिस्टरनी तिला उठवलं नाही. त्या बाईचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.