वीतभर वडाचा शेंडा
तांब्याची तार हातात घेतली की तिच्या वासासरशी मी साठ वर्षं मागे, बसवनगुडीच्या गच्चीवर जातो. कुंडीतल्या वीतभर बोन्साय वडाला तारेने मी असा बाक दिला होता, की अख्खं बेंगळूर माना वाकड्या करून बघायचं! फक्त शेंडा छाटायचा उरला होता. कात्री उचलली, तोच माझी नवी नवरी सुमती पूजेचं ताट घेऊन आली.

"अहो, आज वटपौर्णिमा! छाटाल तर तुमचंच आयुष्य कमी होईल."

"एवढ्याशा वडाने?"

"स्वल्प थांबा की!"

कुंडीभोवती सात फेरे घालून तिने सूत गुंडाळलं. मी हसलो, पण तिने डोळे मिटून हात जोडले. मी कात्री खाली ठेवली.

तो शेंडा मी कधीच छाटला नाही. झाड उंटासारखं बेढब वाढलंय. सुमतीला जाऊन नऊ वर्षं झाली. मी मात्र ठणठणीत आहे.