पायावरची आंघोळ

माझ्या उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला लिंबाएवढं टेंगूळ आलं तेव्हा मी चार वर्षांची होते. दुखायचं नाही, पण पाऊल वाकडं पडायला लागलं. वडील वांगी घेऊन डोणगावच्या बाजाराला जायचे, तिथूनच त्यांनी एक हाडवैद्य आणला. त्यानं पाय चेपचेप चेपला, पट्टी बांधली आणि जाता जाता आईला विचारलं, "तान्ही असताना इची मालिश कोनं केली?"

"म्याच."

"मंग जोर जास्त झाला."

मेल्याला हे बोलायची काही गरज नव्हती.

काही महिन्यांनी धाकटी बहीण जन्मली. आई तिला पाजायची, जोजवायची, पण पायावर घेऊन तेल लावायची, न्हाऊ घालायची वेळ आली की शेजारच्या काकूला हाक मारायची. "काऊन वं, तुह्या हाताले काटे आले का?" काकू चिडवायची. आई नुसती हसायची. मी तर तिला आळशीच समजत होते, त्याची अजून लाज वाटते.

टेंगूळ वाढतच गेलं. सातव्या वर्षी मला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हाडाचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, असं फार क्वचित दिसतं. सांध्याच्या एकाच बाजूचं हाड जास्त वाढतं. वाढलेलं काढून टाकू, पण पोरीची उंची थांबेपर्यंत दरवर्षी दाखवायला आणा. वडिलांनी विचारलं, पोरगी नीट चालेल ना? आईनं वेगळंच विचारलं.

"साहेब, माह्या मालिशनं झालं का हे?"

"नाही, बाई. मालिशनं हे होत नाही."

"जोर जास्त झाला असंन तरी?"

"तरीही नाही. यात कुणाचीच चूक नाही."

ऑपरेशन झालं, प्लास्टर घालून आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं न्हाणीत पाट मांडला, पाय लांब केले आणि बहिणीला पायावर आडवं घेतलं. तीन वर्षांची घोडी ती! तिचे पाय बाहेर लोंबत होते. "मी मोठी हाये!" म्हणून ती ओरडत होती. आईचे हात आधी घाबरतच तेल लावत होते, मग सवयीनं चालू लागले. मी खाटेवरून बघत होते.

आरडाओरडा ऐकून काकू आली. "अवं, येवढ्या पोरीले पायावर घेतलं?"

"राह्यलं होतं वं माहं," आई म्हणाली आणि रडायला लागली.