करंज्यांचं सारखं वाटप

शेजारी करंज्या तळल्याचा वास आला की मला तिसरीतली एक संध्याकाळ आठवते. दुसऱ्या दिवशी भागाकाराचा पेपर होता. शाळेत शिकवलेल्या त्याच्या इंग्रजी पायऱ्या मला तोंडपाठ होत्या, पण कळत काहीच नव्हतं. मी स्वयंपाकघरात रडवेली होऊन बसले होते.

काकूनं सतरा करंज्यांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "रडतीस कशाला गं? घरात पाच माणसं हाईत. वाट की सगळ्यांस्नी सारख्या."

मी वाटल्या. काका उसाला पाणी पाजून दमून येणार, त्यांना पाच. आजीला साखरेचा त्रास, तिला एक. आईला आणि काकूला तीन-तीन. उरलेल्या पाच धाकटीच्या, म्हणजे माझ्या.

"सारख्या म्हणलं न्हवं मी? आजीनं काय घोडं मारलंय तुझं?"

"पण आपण रोज असंच वाढतो ना?" मी हळूच म्हणाले.

काकू खळखळून हसली. "व्हय की गं! पर गणितात कुणी कुणाचं लागत न्हाय. सगळी पंगतीला बसल्याली पावणं समज. एकाला एक, दुसऱ्याला एक, असं वाढत जा."

प्रत्येकाला तीन आल्या. दोन उरल्या.

"आणि ह्या?"

"ऱ्हाऊ देत ताटात. तीच बाकी."

तेव्हा मी स्वतःला ढ समजत होते. आता वाटतं, मला घरातलं वाटप आधी आलं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पेपरात मी प्रत्येक उदाहरणाला मनातल्या मनात पंगत बसवली, आणि कुणालाही एक घास जास्त वाढला नाही.