बेटाच्या कडेची होडी

‘अमका इकडे आलाय का?’ असं कोणी दारात येऊन विचारलं, तर आप्पा कधीच ‘नाही’ म्हणत नसत. अंगणावरून, गोठ्यावरून एकदा सावकाश नजर फिरवत आणि म्हणत, “मला दिसला न्हाई.” विचारणारा हसला तर त्याला थांबवून सांगत, “न्हाई आन् दिसला न्हाई, ह्यात लई अंतर हाय बाबा. त्या अंतराचाच पगार खाल्ला मी.”

आप्पा नौदलात रडारवर होते. पंधरा वर्षं पडद्यासमोर बसून ते वडगाव रासाईला परतले आणि गावानं त्यांचं नाव रडारआप्पा ठेवलं. निघताना त्यांच्या साहेबांनी त्यांना एक खेळ दिला होता. मोठा पट, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरं, मध्ये बेटं आणि पुठ्ठ्याची जहाजं. सोबत नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. आप्पांना यंत्रावरचं इंग्रजी येई, पण त्या पुस्तकातली लांबलचक वाक्यं काही त्यांच्या हाती लागत नसत. मी मांडवगण फराट्याचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर, तोही इंग्रजी घेऊन. वडिलांच्या ओळखीनं आप्पांनी मला बोलावलं आणि रविवारी सकाळी मी त्यांच्या ओसरीवर जाऊ लागलो.

समोर खेळायला नदीपलीकडच्या राहू गावचे सोपानमामा असत. त्यांच्या वडिलांचा जन्म मेंढरांमागे गेला. मामांचा आता पाच एकर ऊस आहे. मामांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण लपावं कुठे हे त्यांना शिकवावं लागलं नाही. दोघांच्या मध्ये टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा उभा असे. आपली जहाजं कुठे आहेत हे दोघेही आपापल्या वहीत लिहीत आणि दोन्ही वह्या फक्त मी पाही. कोणाला काय दिसलं हे सांगायचं काम माझं. मी पायरी चढलो की सत्तरीचे आप्पा उठून खुर्ची पुढे करत. “बसा, पंच.” एरवी ते मला अरेतुरे करत, डाव संपेपर्यंत मात्र नाही. शिक्षणामुळे मला मिळालेला तो पहिला मान होता.

रडारचे नियम किचकट होते. मोठं जहाज बारा घरांवरून दिसे, लहान होडी सहा घरांवरून. होडी जमिनीला लागून असेल तर अंतर निम्मं. ही बारीक गणितं पुस्तकात पाहून मी एकटाच करी. शिवाय रडार चालू केलं की आपला ठावठिकाणा शत्रूला कळे. आप्पा त्यामुळे तासतासभर रडार बंद ठेवून बसत. मामा चिडवत, “आप्पा, डोळं मिटून किती बसताय? समाधी लागली का काय?”

त्या वर्षी आप्पांचं दुखणं सुरू झालं. पुण्याच्या फेऱ्या वाढल्या, अंगावरचा सदरा सैल झाला. चार महिन्यांत त्यांनी एकही डाव जिंकला नव्हता. एका रविवारी त्यांनी पुठ्ठ्याआडून विचारलं, “रडार चालू. काय दिसतंय, पंच?” मामांची होडी पाच घरांवर होती, पण बेटाला अगदी चिकटून. नियमानं ती दिसायला नको होती. मी आप्पांच्या काडीसारख्या झालेल्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणालो, “लहान होडी. पाच घरांवर.”

मामांनी मान वर केली. “बेटाच्या अंगाला असून दिसली?”

“नियम तसाच आहे, मामा.”

“पुस्तकात हाय तर हाय,” मामा म्हणाले. डाव हरले आणि चहा न घेता गेले.

मंगळवारी आप्पांचा फोन आला. “पुस्तक घिऊन ये.” मी गेलो. त्यांनी तो परिच्छेद वाचायला सांगितला. मी मराठी करून वाचला आणि जमिनीबद्दलचं वाक्य गाळलं. आप्पा ऐकत राहिले.

“खऱ्या समुद्रात बेटाच्या कडंची होडी पडद्यावर येगळी निघत न्हाई. किनाऱ्याच्या उजेडात बुडून जाती. पुस्तक लिहिणारा एवढं इसरंल? परत वाच.”

मला वाचता येईना. मी खरं ते सांगितलं. आप्पा रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, “पडद्यापुढं बसलेल्याच्या शब्दावर जहाजावरची तीनशे माणसं झोपत्यात. गाडी काढ.”

भीमेवरचा पूल ओलांडून आम्ही राहूला गेलो. मामा उसाला पाणी देत होते. चिखलातल्या बांधावर उभं राहून मी चूक कबूल केली. मामांनी फावडं रोवलं.

“व्हय? आन् मी परवापास्नं म्हणतोय, आपल्यालाच पुस्तकातलं कळत न्हाई.”

ते हसून बोलले, तरी मला मान वर करवेना. कचेरीच्या खिडकीपुढे उभे राहून, कागद न वाचता मान डोलावणारे माझे वडील मला आठवले. तसं कोणाला उभं राहावं लागू नये, म्हणून त्यांनी मला शिकवलं होतं.

पुढच्या रविवारी डाव त्याच चालीपासून पुन्हा मांडला. या वेळी मी म्हणालो, “काही दिसत नाही.” मामांच्या होडीनं आप्पांचं मोठं जहाज बुडवलं. आप्पा हरले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. “आता डाव झाला,” म्हणाले.

पावसाळा सरताना त्यांचा पुण्याचा रिपोर्ट आला. त्यांच्या मुलानं मला अंगणातच गाठलं. “सर, त्यांना किरकोळ हाय म्हणून सांगितलंय. तुम्ही तेवढं वाचू नका.” आत आप्पा खाटेवर बसून होते, कागद उशाखाली. मला पाहून ते उठू लागले. उठणं जमेना, तेव्हा हातानंच खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“वाच. सगळं.”

दारात मुलगा उभा होता. मी वाचलं. प्रत्येक शब्दाचं मराठी केलं. रोग यकृतात पसरल्याचं, पुढे उपचार सुचवले नसल्याचं, सगळं. आप्पांची नजर माझ्या तोंडावरून हलली नाही.

“खाली आनि काय हाय?”

“डॉक्टरांची सही आहे, आप्पा. आणखी काही नाही.”

त्यांनी मुलाला जवळ बोलावलं, त्याचा हात आपल्या हातात घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आवाज हलला तुझा.”

“हो, आप्पा.”

“हलू दे. ओळ गाळली न्हाईस.”