द्धा काही उमटेना

कर्वेनगरातल्या यज्ञेश्वर खांबेट्यांना नोकरीत असताना कोणी फारसं विचारत नसे. कंपनीत स्वेच्छानिवृत्तीची टूम निघाली तेव्हा साहेबांनी त्यांच्या इच्छेची वाट न पाहता स्वतःचंच पेन पुढे केलं, असं खालच्या मजल्यावरचे रंगराव सांगतात. रंगरावांचं सगळंच खरं धरायचं नसतं, पण एवढं असावं.

घरी बसल्यावर माणसं ट्रेकला जातात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होतात. यज्ञेश्वररावांनी इंटरनेटवरून सीएनसी मशीन मागवलं. म्हणजे कॉम्प्युटरवर नक्षी काढून द्यायची आणि मशीनने ती आपल्या फिरत्या बिटने लाकडात कोरायची. सुटे भाग जोडायला पावसाळा गेला. हेमाताईंनी धुण्याचं मशीन बाथरूममध्ये ढकललं आणि स्वयंपाकघराला लागून असलेली ड्राय बाल्कनी नवऱ्याला दिली. "निदान डोळ्यांसमोर राहतील," असं त्या म्हणाल्याचं अख्ख्या इमारतीला माहीत होतं.

दिवाळीपर्यंत मशीन स्वस्तिकं कोरायला लागलं, आणि तिथेच घात झाला. मुलीच्या साखरपुड्यात, भरल्या पंगतीत यज्ञेश्वरराव व्याह्यांना म्हणाले, "मुलांच्या नव्या फ्लॅटची पाटी आमच्याकडून. सागवानात. सीमांतपूजनाला तुमच्या हातात देतो." व्याही महिपतराव यवतमाळचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी मान डोलावली. रंगराव शेजारीच जिलबी खात होते, त्यामुळे आता माघार नव्हती.

पाटीवर दोनच नावं, अभिनव आणि श्रद्धा. आंघोळ-चहा उरकून यज्ञेश्वरराव कानांत कापसाचे बोळे घालत, भुसा घरात येऊ नये म्हणून बाल्कनीचं दार लावत आणि मशीन सुरू करत. जावयाचं नाव लोण्यातून सुरी फिरावी तसं उतरायचं. श्र व्हायचा. आणि द्धा आला की बिट बिथरायचं, बोटभर बाजूला सरकून लाकडात भलतीकडेच खड्डा पाडायचं.

त्यांनी स्क्रू आवळले, तेल घातलं, केबल बदलली. दुसरा फॉन्ट घेतला, तिसरा घेतला. शिरोरेषा काढून पाहिली. सागवानाच्या फळ्या एकामागून एक बाद होत गेल्या. अभिनव मात्र प्रत्येक फळीवर देखणा.

"जावई पसंत पडलेला दिसतो मशीनला," रंगराव जिन्यात म्हणाले. "मुलीशीच काही वाकडं आहे का?"

हे वाक्य यज्ञेश्वररावांच्या डोक्यात रुतलं. मशीन परदेशी, त्याला द्धासारखं अवघड जोडाक्षर कुठून झेपणार? हेमाताईंशी बोलताना ते एकदा म्हणूनही गेले, "हिचं नाव कमल ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"बारशाला मशीन नव्हतं आपल्याकडे," हेमाताई म्हणाल्या.

सीमांतपूजन चार दिवसांवर आलं आणि घरात एकच कोरी फळी उरली. तेव्हा या गृहस्थाने जे केलं, ते वैऱ्यानेही केलं नसतं. श्रद्धाने लग्न ठरताना एकच अट घातली होती, माझं नाव बदलायचं नाही. विहीणबाई वेणूबाईंना ती अट औषधाच्या गोळीसारखी गिळावी लागली होती. आणि बापाने बाल्कनीतून यवतमाळला फोन लावला.

"नाही म्हटलं, आपल्याकडे नाव बदलायची पद्धत असेल, तर आमची काही हरकत नाही हं," यज्ञेश्वरराव म्हणाले. "फक्त सोपंसं असावं. सुटसुटीत."

फोनवर महिपतराव होते, पण उत्तर मागून वेणूबाईंचं आलं. "मी त पयलेच म्हणत होती. रेवती ठेवू."

यज्ञेश्वररावांनी लगेच कागदावर लिहून पाहिलं. रे, व, ती. एकही जोडाक्षर नाही. कित्येक दिवसांनी त्यांना जेवण गेलं.

संध्याकाळी श्रद्धा हिंजवडीहून आली ती चप्पल न काढताच बाल्कनीच्या दारात उभी राहिली. अभिनवने तिला सगळं सांगितलं होतं.

"बाबा, तुम्ही फोन केलात?"

"अगं, मशीनला द्धा जमत नाही."

"म्हणून मला बदललंत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि जेवायलाही बाहेर आली नाही. हेमाताईंनी नवऱ्याला वाढलं, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. यज्ञेश्वररावांनी ताट तसंच बाजूला सारलं. आपण काय करून बसलो, ते आत्ता कुठे त्यांना दिसायला लागलं होतं. मुलगी चार-पाच दिवसांत हे घर सोडणार होती, आणि जाताना बापाने तिच्या हातून तिचं नाव काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेवटची फळी चढवली. रेवती नाही, श्रद्धाच. दार लोटायचं राहिलं होतं. श्रद्धा चहाचा कप घेऊन ओट्याला टेकली होती, त्यांच्यासाठी नव्हे, चहासाठी. अभिनव झाला, श्र झाला. हेमाताईंनी रुखवताच्या चटणीसाठी कारळे मिक्सरमध्ये टाकले आणि बटण फिरवलं. बिटने उडी मारली.

यज्ञेश्वरराव खुर्चीत बसले ते बसलेच. त्यांच्या कानांत बोळे होते.

श्रद्धाचं रोजचं काम दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचं. तिने कप ठेवला. "आई, मिक्सर बंद कर." मशीन सरळ चाललं. "आता लाव." पुन्हा उडी. तिने वाकून पाहिलं. दोन्ही वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात होत्या; मिक्सरने वीज ओढली की मशीन गडबडायचं. जवळ येऊन तिने बापाच्या कानातला बोळा काढला.

"माझ्या नावात काही दोष नाही. आईच्या चटणीत आहे."

रुखवताची तयारी चालू झाल्यापासून रोज सकाळी नेमका द्धाच्याच वेळेला मिक्सर फिरत होता. यज्ञेश्वरराव फळीकडे बघत राहिले. मग ते उठले आणि मुलीच्या समोरच त्यांनी यवतमाळचा नंबर लावला.

"विहीणबाई, माझी चूक झाली. नाव राहू द्या."

"आता कसं करू, इवाईबुवा? साऱ्या बायकांत सांगून बसली न मी. साडीवर पण रेवती भरायला टाकलं."

"मी पाया पडतो तुमच्या."

"असं नका बोलू. तुम्हीच म्हणाले होते."

"मीच म्हणालो. बदलायचंच असेल तर माझं बदला."

"तुमचं त अजूनच कठीण हाय," वेणूबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. हो की नाही, काहीच कळलं नाही.

श्रद्धाने मिक्सर दुसऱ्या खोलीत नेला. त्याच फळीच्या मागच्या बाजूवर पाटी झाली, द्धासकट. यज्ञेश्वररावांना ती हातात घेववेना; सीमांतपूजनाला महिपतरावांना ती हेमाताईंनीच दिली.

लग्नात भटजींनी तांदळाचं ताट पुढे केलं तेव्हा मुलीचा बाप टाचा उंचावून ताटात बघत होता, हे रंगरावांनी स्वतः पाहिलं. अभिनवने अंगठीने श्रद्धा असंच लिहिलं. वेणूबाईंनी तोंड फिरवलं आणि ती भरतकामाची साडी सुनेच्या ओटीत घातली. सासरी तिला अजून त्या एकट्याच रेवती म्हणतात. ती ओ देते, आणि व्याह्यांच्या पंगतीत ते ऐकलं की यज्ञेश्वरराव ताटावरून उठतात.