ताईचं किती आलं

रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी मावशी कॅल्शियमची गोळी कात्रीच्या मुठीने मोडायची आणि एक तुकडा काळ्या चिंधीवर ओढून बघायची. पांढरी रेघ उमटली की म्हणायची, "हा तर आमच्याच धंद्यातला खडू. उगाच औषधाच्या दुकानात जाते मी." मग दोन्ही तुकडे पाण्याबरोबर गिळायची.

तिची खोली तळमजल्यावर, आमचं घर तिसऱ्यावर. पँट आखूड करणं, चेन बदलणं, सुटलेल्या अंगांसाठी शिवणी उसवून देणं, हे तिचं काम. ते ती कोणाकडे शिकली नाही. माझी आई तिची थोरली बहीण. आईचे जुने फ्रॉक तिच्या वाट्याला यायचे आणि ती ते उसवून पुन्हा शिवायची. चष्मा आईला आधी लागला, नोकरी आधी, नवरा आधी. आईचं मनगट मोडलं तेव्हा प्लॅस्टरवरून बोट फिरवत मावशी म्हणाली होती, "सगळं मेलं हिलाच मिळतं."

त्या मनगटामुळे आईला कॅल्शियम सुरू झालं. मावशी ते आधीपासूनच घ्यायची. दोघींचं कोलेस्टेरॉल तेव्हा दोनशे चाळीसच्या आसपास होतं. मावशीचं रोज त्यासाठीची गोळी घेऊन, आईचं काहीच न घेता. तेही तिला खुपायचंच. सहा महिन्यांनी आईचं दोनशे पाचवर उतरलं.

"काय केलंस गं, ताई?"

"काही नाही. कॅल्शियम घेते, बास. त्यानेही उतरतं म्हणे."

मावशी खाली गेली. ताईला नुसत्या कॅल्शियमवर जमतं, तर आपल्याला का नाही? कोलेस्टेरॉलच्या गोळ्या तिने बटणांच्या डब्यात तळाशी सारल्या.

तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये दोनशे ऐंशी आले. दोघींच्या डॉक्टरीणबाई खवळल्या. "कॅल्शियम हाडांसाठी दिलंय. त्याने कोणाचं थोडंफार उतरतं, कोणाचं तसूभरही नाही. त्याच्या भरवशावर ती गोळी कोणाला विचारून बंद केलीत? तुमच्या ताई बघा, दोन्ही कशा नियमाने घेतात."

मावशी तीन जिने न थांबता चढून आली. दारात छाती धरून उभी राहिली. आई टेबलापाशी शेंगा सोलत होती.

"दोन्ही घेतेस?"

आईचे हात थांबले. "कॅल्शियमबरोबरच सुरू झाली ती."

"आणि मला म्हणालीस, काही नाही! मी माझी बंद केली, ताई. मेले असते ना."

आईचा चेहरा उतरला. "बंद केलीस? अगं वेडे, मला काय माहीत!" मग मान खाली घालून म्हणाली, "तू विचारलंस तेव्हा इतकी जळत होतीस, मला बरं वाटलं. माझेच फ्रॉक तुझ्या अंगावर माझ्यापेक्षा छान बसायचे. लोक तुला विचारायचे, कुठून घेतला. मला कोणी कधी विचारलं नाही."

मावशी खुर्चीत बसली. मी दिलेलं पाणी सावकाश प्यायली.

"निळ्या फ्रॉकला कमरेत दोन टिपा घातल्या होत्या मी," ती म्हणाली. "म्हणून बसायचा." आणि तिला हसू आवरेना.

गोळी त्याच दिवशी बटणांच्या डब्यातून बाहेर आली. त्यानंतर मावशी नऊ वर्षं जगली. दर सहा महिन्यांनी दोघी रक्त द्यायला बरोबर जायच्या आणि लिफाफे एकमेकींचे फोडायच्या. आईचा आकडा जास्त निघाला की मावशी दिवसभर मशीनवर गुणगुणायची. कमी निघाला की गिऱ्हाइकांचं काही खरं नसायचं.

तिच्या शेवटच्या दुपारी मी कोट आखूड करायला घेऊन गेले होते. ओठांत टाचण्या धरून ती बाहीचं माप घेत होती. आईचा रिपोर्ट आलाय, मी सहज म्हणाले. या वेळी आई एकटीच जाऊन आली होती. मावशीने टाचण्या एकेक काढून टेबलावर ठेवल्या.

"किती आलं ते आधी सांग," ती म्हणाली. "कोट उद्या ने."